रक्कम शेवटी पाहा : नागपूरच्या घरासाठी वीज-पाण्याच्या बिलांचा हिशेब

बिल हातात आलं की आपली नजर थेट रकमेवर जाते. आकडा मोठा दिसला की छातीत धस्स होतं आणि बाकीचा कागद वाचायचाच राहून जातो. माझं सांगणं असं की रक्कम सगळ्यात शेवटी पाहा. ती नुसती बेरीज असते. ती कशाकशाची आहे हे वरच्या चौकटींमध्ये लिहिलेलं असतं, आणि त्या चौकटी वाचायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

मी इतवारीतल्या एका ठोक किराणा दुकानाचे हिशेब लिहिते. घर नंदनवनला, खाली आम्ही आणि वरच्या माळ्यावर भाडेकरू. गल्लीतल्या बायका बिलं घेऊन माझ्याकडे येतात, जूनमध्ये तर रांगच असते. नागपुरात जून हा घरखर्चाचा सगळ्यात जड महिना. मे महिनाभर कूलर-एसी चालले त्याचं बिल जूनमध्ये येतं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणून वह्या-पुस्तकं, गणवेश, ऑटोवाल्याचे पैसे सगळं तेव्हाच. ज्यांची गावाकडे शेती आहे त्यांचं बियाणं आणि खतही त्याच पंधरवड्यात. अशा वेळी दोन हजारांची सवय असलेल्या घरात पाच हजारांचं बिल आलं तर माणूस घाबरणारच. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी दिवस मोजा

समोरच्या वैनी गेल्या उन्हाळ्यात बिल घेऊन आल्या. "ताई, पंखे तेवढेच, कूलर तेवढाच, मग हे एवढं काहून आलं?" बिलावर ४२७ युनिटं होती, आधीच्या महिन्यात ३१०. पाहिलं तर वाटेल की वापर एकदम वाढला. मग आम्ही मागील रीडिंगची आणि चालू रीडिंगची तारीख पाहिली. या वेळी मध्ये ३८ दिवस होते, आधीच्या वेळी २८. आता भागाकार करा. ४२७ भागिले ३८ म्हणजे दिवसाला साधारण सव्वाअकरा युनिटं. ३१० भागिले २८ म्हणजे अकराच्या थोडं वर. घरातला वापर होता तेवढाच होता, फक्त दहा दिवस जास्तीचे या बिलात आले होते.

बिलांचा अर्धा घोळ इथेच असतो. आपण महिना धरून चालतो, पण बिल एका रीडिंगपासून दुसऱ्या रीडिंगपर्यंतचं असतं. रीडिंग घेणारा माणूस सुट्ट्यांमुळे, पावसामुळे, निवडणुकीच्या कामामुळे मागेपुढे होतो. त्यामुळे दोन बिलांची तुलना करायची तर रोजच्या युनिटांची करा. आणि मेची तुलना एप्रिलशी करण्यापेक्षा गेल्या वर्षीच्या मेशी करा. वीजबिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख छापलेला असतो, तो याच कामाचा आहे.

दिवस वाढले की स्लॅबचं, म्हणजे दरांच्या टप्प्यांचं, काय, हा पुढचा प्रश्न. महावितरणचे घरगुती टप्पे असे आहेत: पहिली १०० युनिटं, त्यापुढे ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, आणि त्यावर. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट असतो, म्हणून टप्पा कुठे संपतो याला महत्त्व आहे. बिल ३८ दिवसांचं असेल तर टप्पेही त्या प्रमाणात ताणले जायला हवेत. १०० चा टप्पा सव्वाशेच्या आसपास जायला हवा. बिलाच्या मागच्या बाजूला किंवा महावितरणच्या ॲपवर हिशेब पाहता येतो. तिथे हे तपासा.

एक गैरसमज मी गल्लीत पुन्हा पुन्हा ऐकते. "३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दराने लागते." तसं नाही. ३०१ वं युनिट वरच्या दराने लागतं, खालची ३०० आपापल्या टप्प्याच्या दरानेच राहतात. या भीतीपोटी महिन्याच्या शेवटी म्हाताऱ्या सासूच्या खोलीतला कूलर बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. ४५ अंशांत तसं करू नका. एका कूलरने एवढा फरक पडत नाही, तो हिशेब पुढे देते.

कागदावरच्या कोणत्या चौकटी वाचायच्या

ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो. तो आणि मीटर क्रमांक आपलाच आहे का, हे एकदा मीटरजवळ उभं राहून ताडून पाहा. भाड्याच्या चाळीत किंवा जुन्या वाड्यात सहा मीटर एका फळीवर असतात. तिथे वरच्याचं रीडिंग खालच्याच्या नावे जाणं अशक्य नाही.

मग रीडिंगच्या चौकटीत मीटरची स्थिती काय लिहिली आहे ते पाहा. तिथे नियमित रीडिंग झालं आहे, घराला कुलूप होतं, रीडिंग घेतलं गेलं नाही, की मीटर नादुरुस्त आहे, हे नोंदलेलं असतं. नियमित सोडून दुसरं काही दिसलं तर समजा की हे बिल सरासरीने, म्हणजे अंदाजाने काढलं आहे. सरासरीचं बिल कमी आलं म्हणून खूश होऊ नका. जे युनिट आज मोजलं गेलं नाही ते पुढे एकत्र येणार आहे.

खालच्या रकमांमध्ये स्थिर आकार हा वीज वापरा की न वापरा, लागतोच. घर महिनाभर बंद ठेवून गावाला गेलात तरी बिल शून्य येत नाही ते यामुळे. त्यावर वीज आकार म्हणजे युनिटांचे पैसे, वहन आकार म्हणजे वीज घरापर्यंत आणायचे पैसे, कधी इंधन समायोजन आकार म्हणजे वीज बनवायच्या खर्चातला फरक. हा शेवटचा दर महिन्याला बदलू शकतो, म्हणून तेवढीच युनिटं असूनही बिल थोडं वरखाली होतं. मग या सगळ्यावर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क. आणि सगळ्यात शेवटी थकबाकी आणि समायोजित रक्कम, म्हणजे मागच्या बिलांतली बेरीज-वजाबाकी. मागचं बिल भरलेलं असूनही थकबाकीत दिसत असेल तर पावती काढून ठेवा. बिल छापायच्या एक-दोन दिवस आधी पैसे भरले असतील तर तेवढ्यामुळेही ते दिसू शकतं, आणि पुढच्या बिलात निघून जातं.

चार महिन्यांचं एकदम आलं तर

आमच्या मागच्या वस्तीत राहणारी एक मावशी सहा घरची धुणीभांडी करते. सकाळी सातला घराला कुलूप, संध्याकाळी सहाला उघडतं, आणि मीटर आतल्या भिंतीवर. चार महिने सरासरीचं बिल आलं, मग एका रविवारी खरं रीडिंग झालं आणि चारही महिन्यांचा फरक एकत्र अंगावर पडला. वीज कापतील या भीतीने तिने महिना दहा टक्के व्याजाने पैसे काढले आणि एका दिवसात बिल भरलं. माझ्याकडे आली ती पैसे भरल्यावर. तिला हप्ते मागता आले असते, लेखी हरकत घेता आली असती, वेळ मिळाली असती. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि तेव्हापासून मी गल्लीतल्या प्रत्येकीला हे सांगत आले आहे.

तर अशा एकत्र बिलाची तपासणी कशी करायची ते उदाहरणाने पाहा. समजा चार महिने दर महिन्याला १५० युनिटांचं सरासरी बिल आलं. म्हणजे ६०० युनिटांचे पैसे लागले. मग खऱ्या रीडिंगमध्ये निघालं की चार महिन्यांत १००० युनिटं वापरली गेली. आता १००० ला चारांनी भागायचं, महिन्याला २५० आली. २५० म्हणजे ३०० च्या आत. अशा बिलात ३०१ ते ५०० चा दर कुठेही लागायला नको. तो लागलेला दिसला तर टप्प्यांचा फायदा मिळालेला नाही असं समजा आणि बिल दुरुस्त करून मागा. आधी भरलेल्या ६०० युनिटांची रक्कम वजा झाली आहे का, तेही पाहा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मार्चपासून रीडिंग थांबलं होतं आणि जूनमध्ये लोकांना एकत्र बिलं आली, तेव्हा राज्यभर घराघरांत हाच भागाकार करावा लागला होता.

हे टाळायचा उपाय सोपा आहे. रीडिंग झालं नाही तर ॲपवरून मीटरचा फोटो काढून स्वतः रीडिंग पाठवता येतं. घराला दिवसभर कुलूप असेल तर हे करायलाच हवं. मोबाइल नंबर ग्राहक क्रमांकाला जोडून घ्या, म्हणजे रीडिंगचे आणि बिलाचे मेसेज येतात. ज्यांना जमत नाही त्यांना शेजारच्या कॉलेजातल्या पोराने दहा मिनिटांत करून द्यावं.

आपली तारीख, आपलं रीडिंग

आता मुद्द्याचं. वरचं सगळं बिल आल्यावरचं झालं. बिलाने दचकायचं नसेल तर मीटर आपण वाचायला हवं, दर महिन्याच्या एकाच तारखेला. मी एक तारीख धरली आहे. मीटरच्या पडद्यावर आकडे बदलत राहतात. तारीख येते, वेळ येते, व्होल्टेज येतो. त्यातला ज्याच्या बाजूला केडब्ल्यूएच (kWh, म्हणजे युनिट) असं लिहून येतं तो आपला आकडा. त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा, फोटोला तारीख आपोआप लागते. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे आपण दुधाचे खाडे लिहितो, त्याच चौकटीत तो आकडाही लिहायचा.

उन्हाळ्यात, म्हणजे होळीनंतर कूलर खाली उतरला, नव्या ताट्या लागल्या, की मी हेच दर आठवड्याला करते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत. सात दिवसांच्या फरकावरून महिन्याचं बिल किती येणार ते आधीच कळतं. आठवड्याला ९० युनिटं जात असतील तर महिन्याला ३८५ च्या आसपास. आता पुढचे तीन आठवडे काय करायचं ते आपल्या हातात असतं. बिल आल्यावर काहीच हातात राहत नाही.

वापराचा अंदाजही माहीत असू द्या. मोठा कूलर दोनशे वॅटच्या आसपासचा असतो. बारा तास चालला तर दोन-अडीच युनिटं, महिन्याला सत्तर-पंचाहत्तर. दीड टनाचा एसी नागपूरच्या मेमध्ये तासाला एक ते दीड युनिट घेतो. रोज आठ तास धरले तर महिन्याला अडीचशे ते साडेतीनशे. म्हणजे एका एसीच्या विजेत तीन-चार कूलर चालतात. रात्री एसी दोन तास चालवून खोली थंड झाली की पंख्यावर येणं, हा माझ्या घरातला नियम. बाकी मोबाइलचा चार्जर काढा, टीव्हीचं बटण बंद करा, याने फार काही वाचत नाही. ती काळजी सोडा.

मीटरच वेगाने पळतो अशी शंका असेल तर घरी एक चाचणी करता येते. आधी घरातली सगळी बटणं बंद करा, मेन स्विच चालू राहू द्या. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत राहिला तर कुठेतरी वीज जाते आहे. विसरलेली मोटर असेल, इन्व्हर्टर चार्ज होत असेल, किंवा वायरिंगमधून गळती असेल. मग मेन स्विचही बंद करा. तरीही दिवा लुकलुकला तर जोडणी किंवा मीटर यांच्यात गडबड आहे, आणि तिथे स्वतः हात लावायचा नाही. तक्रार द्यायची. दुसरी चाचणी अशी: सगळं बंद ठेवून फक्त १००० वॅटचा पाणी तापवायचा रॉड भरलेल्या बादलीत लावा आणि तासभर चालवा. रॉड पाण्यात बुडवल्यावरच बटण दाबायचं आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा. तासात एक युनिट पडायला हवं. व्होल्टेज कमीजास्त असल्याने थोडा फरक पडतो, पण दीड युनिट पडलं तर मीटर तपासून घ्यायला अर्ज करा. मीटर बंद पडलेला निघाला तर नियमाप्रमाणे मागची सरासरी लावून जास्तीत जास्त तीन महिन्यांची आकारणी करता येते, हेही लक्षात असू द्या.

पाण्याचं बिल

वीजबिलाला लोक घाबरतात, पण खरा गपचूप नुकसान करणारा मीटर पाण्याचा. कारण हे बिल दर महिन्याला येत नाही, काही महिन्यांचं एकत्र येतं. तोपर्यंत गळती चालूच राहते.

एक युनिट म्हणजे एक हजार लिटर. शहरासाठी माणशी १३५ लिटर रोजचं धरतात. पाच माणसांच्या घराला दिवसाला ६७५ लिटर, महिन्याला साधारण २० युनिटं. आता संडासातल्या फ्लशच्या टाकीतून एक बारीक धार भांड्यात जात राहते असं समजा. आवाज येत नाही, दिसत नाही. एक लिटरचा मग दोन मिनिटांत भरेल एवढीच धार. पण ती दिवसाला ७२० लिटर होते, महिन्याला एकवीस-बावीस युनिटं. म्हणजे घरात दुसरं एक अख्खं कुटुंब पाणी वापरतं असं झालं. पाण्याचे दरही टप्प्यांनी वाढतात, त्यामुळे बिल दुपटीच्याही पुढे जातं.

आमच्या वरच्या भाडेकरूंकडे अगदी हेच निघालं. शोधायची पद्धत: फ्लशच्या टाकीत कपड्यांना लावतो ती नीळ चिमूटभर टाका आणि अर्धा तास कुणालाही फ्लश करू देऊ नका. भांड्यातलं पाणी निळं झालं की गळती पक्की. आतला रबराचा वायसर बदलला की काम होतं. नळ दुरुस्तीवाल्याची हजेरी आणि वायसर मिळून जो खर्च येतो तो एका बिलातच वसूल होतो.

जमिनीखालच्या टाक्याचीही तपासणी करा. रात्री जेवणं झाल्यावर टाकं आणि वरची टाकी पूर्ण भरून घ्या, बॉल कॉक बंद झाला आहे याची खात्री करा, मीटरचं रीडिंग लिहा. सकाळी कुणी नळ उघडायच्या आधी पुन्हा पाहा. मीटरवर एक बारीक चक्री असते, ती थेंबभर पाण्यानेही फिरते. सगळं बंद असून ती फिरत असेल तर मीटर ते टाकं यांच्यातली पाइप फुटलेली आहे किंवा बॉल कॉक पाणी सोडतो आहे. जुन्या घरांत पाइप फरशीखालून गेलेली असते आणि ओल भिंतीला महिन्यांनी दिसते.

कूलरही पाणी पितो. कोरड्या उन्हात मोठा कूलर दिवसाला शंभर लिटरच्या पुढे सहज जातो, म्हणून उन्हाळ्याचं पाण्याचं बिल थोडं वाढणं ठीकच आहे. पण कूलरमध्ये नळाला लावलेली नळी उघडी ठेवून झोपणं सोडा. खालून वाहून गेलेलं पाणीही मीटरमध्ये मोजलं जातं.

नागपूरचं पाणी पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येतं. जलशुद्धीकरण केंद्राच्या कामासाठी शटडाउन असला की दुसऱ्या दिवशी नळातून आधी फुसफुस हवा येते. ती हवाही मीटर फिरवते. शटडाउननंतर पाणी यायच्या वेळी नळ उघडे ठेवू नका. टिल्लू पंप थेट नळाच्या लाइनवर लावणं तर बेकायदेशीर आहेच, शिवाय पाणी नसताना तो हवा ओढतो, आणि शेजाऱ्याचं पाणी पळवतो ते वेगळंच.

थकबाकी वाटते पण नसते

उन्हाळ्याच्या तोंडावर वीजबिलासोबत एक वेगळं बिल येऊ शकतं: अतिरिक्त सुरक्षा ठेव. दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी ठेव कंपनीकडे असावी, असा वीज नियामक आयोगाचा २०२१ च्या विनियमांतला नियम आहे. गेल्या वर्षी तुमचा वापर वाढला असेल तर जुनी ठेव कमी पडते आणि फरक मागितला जातो. हा दंड नाही आणि थकबाकीही नाही. पैसा तुमच्या नावावर राहतो, त्यावर व्याज मिळतं, आणि जोडणी बंद केल्यावर परत मिळतो. एकदम जमत नसेल तर हप्त्यांची सोय मागा.

जुनं घर विकत घेताना मात्र खरी थकबाकी तपासाच. आधीच्या मालकाची वीजथकबाकी नियमांत तरतूद असल्यास नव्या मालकाकडून वसूल करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. विक्रीच्या दिवशी मीटरचा फोटो आणि शेवटच्या बिलाची पावती दोन्ही घ्या. भाडेकरू बदलतानाही तेच करा. मी रीडिंग एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेते, भाडं चुकलं तर माणूस समजून घेतो, पण युनिटांवरून झालेला वाद वर्षभर मनात राहतो.

हरकत कशी घ्यायची

बिल चूक आहे असं वरच्या तपासणीतून दिसलं तर काउंटरवर भांडू नका. तिथे बसलेल्या माणसाच्या हातात दुरुस्ती करायची तेवढी मुभा नसते. लेखी द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. मजकूर एवढाच पुरतो:

"विषय: (महिना) च्या वीजबिलाबाबत हरकत. ग्राहक क्रमांक अमुक. सदर बिलात चालू रीडिंग अमुक दाखवले आहे. दिनांक अमुक रोजी मीटरवरील प्रत्यक्ष रीडिंग अमुक आहे, फोटो सोबत जोडला आहे. कृपया प्रत्यक्ष रीडिंगप्रमाणे व टप्प्यांच्या लाभासह बिल दुरुस्त करून द्यावे. तोपर्यंत मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम हरकत नोंदवून भरण्यास तयार आहे."

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालते. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे बिल थकलं तरी पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. आणि बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. त्या मावशीला व्याजाने पैसे काढायची गरज नव्हती ती या कलमामुळे.

त्याच कलमात दोन वर्षांचीही मर्यादा आहे. एखादी रक्कम देय होऊन दोन वर्षं उलटली आणि मधल्या बिलांत ती सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर त्या कलमाखाली तिची वसुली होत नाही. रक्कम कधी देय झाली हे मात्र तिचं बिल निघाल्याच्या तारखेपासून मोजतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणून जुन्या पावत्या फेकू नका. नागपुरात सिव्हिल लाइन्स, महाल आणि गांधीबाग या विभागांचं वितरण २०११ पासून २०१९ पर्यंत फ्रँचायझीकडे, म्हणजे महावितरणने नेमलेल्या खासगी कंपनीकडे होतं, त्या काळातल्या पावत्यासुद्धा मी फायलीत ठेवल्या आहेत.

लेखी तक्रारीवर काही झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जायचं. मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे. दोन्ही कार्यालयं नागपुरातच आहेत, मुंबईला जावं लागत नाही. वकील लागतोच असंही नाही, कागद नीट लावलेले लागतात. तारखेप्रमाणे बिलं, फोटो, पोच, बस.

पैशाची सोय

बिलं वरखाली होणारच आहेत, तर पैसे बाजूला टाकणं तरी सारखं ठेवा. गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं मिळवा, त्यात पाण्याची बिलं आणि मनपाचा मालमत्ता कर घाला. बेरजेला बारांनी भागा. समजा वर्षाचे ४२ हजार झाले, तर महिन्याला साडेतीन हजार. दरवाढ होतच असते, म्हणून त्यावर दहा टक्के धरा. ही रक्कम पगाराच्या दुसऱ्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात टाकायची. थंडीत बिल हजारावर येतं तेव्हाही पूर्ण रक्कम टाकायची, तेव्हाच जूनचा पैसा जमतो. रोजंदारीवर असाल तर बाजाराच्या दिवशी आठवड्याचा हिस्सा काढा, महिन्याची वाट पाहू नका.

कागदी बिल बंद करून ई-मेलवर घेतलं तर महावितरण बिलामागे दहा रुपयांच्या हिशेबाने सूट देतं. बिलावर लवकर भरण्याची एक तारीख असते, तोवर भरलं तर रक्कम थोडी कमी. हे सगळे थोडे थोडे पैसे वर्षाच्या शेवटी सिलिंडरच्या खर्चाला हातभार लावतात. सिलिंडरचंही, घरी वजनकाटा असेल तर, आल्यावर वजन करा: आत १४.२ किलो गॅस, आणि रिकाम्या टाकीचं वजन तिच्याच वरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

राहिलं ते मोबाइलवर येणाऱ्या खोट्या बिलांचं. "आपले मागील महिन्याचे बिल अपडेट नसल्याने आज रात्री ९.३० वाजता वीजपुरवठा खंडित होईल, या अधिकाऱ्याशी संपर्क करा" असा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून येतो. तो अधिकाऱ्याचा नसतो. कंपनीचा मेसेज ज्या नावाने येतो त्यात एमएसईडीसीएल (MSEDCL, महावितरणचं इंग्रजी लघुनाव) असतं, आणि अशी रातोरात वीज तोडता येत नाही हे वर सांगितलंच आहे. फोन करणारा एखादं ॲप टाकायला सांगेल किंवा दहा रुपये भरून पाहा म्हणेल, तिथेच फोन ठेवा. शंका वाटली तर १९१२ वर विचारा. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा आणि बँकेला खातं थांबवायला सांगा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये हे दोन्ही नंबर आजच टाकून द्या, मराठी नावाने.